घरच्या घरी दाट हॉट चॉकलेट: चॉकलेट, कोको, दूध आणि बाकी सगळ्या शंका

चांदणवेल

थंडी सुरू झाली की कोणी ना कोणी विचारतंच, बाहेर मिळतं तसं दाट, जिभेवर रेंगाळणारं हॉट चॉकलेट घरी का जमत नाही, घरी केलं की चॉकलेटच्या वासाचं गोड दूध का होतं. म्हणून एकदाच सविस्तर धागा काढतेय. मला हे पेय मनापासून आवडतं आणि घरी ते फार चांगलं होतं, आपल्या नेहमीच्या दुकानात मिळणाऱ्या सामानात होतं.

आधी मुख्य मुद्दा सांगते. दाटपणा साखरेने येत नाही आणि माझ्या मते कॉर्नफ्लोअरने यायला नको, तो कोको बटरने यायला हवा. कोकोच्या बीत जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांच्याकडे दाबयंत्राचं पेटंट झालं, त्यामुळे वाटलेल्या कोकोमधलं बरंचसं बटर पिळून काढता यायला लागलं आणि मागे जी कोरडी पेंड उरली तिची पावडर झाली, तीच आपली कोको पावडर. नेहमीच्या डब्यातल्या पावडरीत १०-१२ टक्केच फॅट राहिलेलं असतं. मग नुसत्या पावडरीचं पेय पातळच लागणार ना, चार चमचे घाला नाहीतर सहा, कडू होईल पण दाट होणार नाही. आणि ड्रिंकिंग चॉकलेट म्हणून जी तयार पावडर मिळते तिच्या घटकांच्या यादीत बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं असतं, मुलांच्या दुधात घालायला ती ठीक आहे पण आपल्याला इथे ती नको.

मी दोन्ही घालते, खरं चॉकलेट दाटपणासाठी आणि थोडी कोको पावडर चव गडद करायला.

दोघांसाठी: फुल क्रीम दूध ४०० मिली, ५५ टक्केवालं डार्क चॉकलेट ८० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर १ मोठा चमचा, साखर २ चहाचे चमचे (चॉकलेटमध्ये साखर असतेच, शेवटी चव बघून वाढवा), चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने कडवटपणा मागे जातो आणि चॉकलेट पुढे येतं.

चॉकलेट सुरीने अगदी बारीक चिरून ठेवायचं, मोठे तुकडे टाकले तर ते तळाशी बसतात आणि लागतात. जाड बुडाच्या पातेल्यात आधी कोको, साखर, मीठ कोरडंच एकत्र करायचं मग त्यात तीन-चार चमचे गरम दूध घालून गुळगुळीत पेस्ट करायची आणि ही पेस्ट मंद गॅसवर अर्धा मिनिट बुडबुडे येईपर्यंत ढवळायची, ही पायरी अजिबात गाळू नका कारण कोको पावडर थेट दुधात टाकली की ती वर तरंगत राहते, तिच्या गुठळ्या होतात आणि नंतर कितीही ढवळा त्या आतून कोरड्याच राहतात. मग बाकीचं दूध धार धरून घालायचं. दूध कडेने उकळायला लागलं की गॅस बंद करायचा, चिरलेलं चॉकलेट त्यात टाकून मिनिटभर हात लावायचा नाही, मग व्हिस्कने मधून कडेकडे ढवळायचं. सगळं एकजीव झालं की पुन्हा गॅस बारीक करून चार-पाच मिनिटं सतत ढवळत आटवायचं. या शेवटच्या पाच मिनिटांतच त्या पातळ दुधाचं दाट हॉट चॉकलेट होतं. कोकोमध्ये थोडा स्टार्च असतो तो फुगतो, थोडं पाणी उडतं आणि दाटपणा येतो.

गॅसवरून उतरवल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा. निवताना आणखी दाट होतं.

पावशेर

व्वा, पाककृती वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. वाचनखूण साठवली.

दुधाबद्दल एक भर घालतो. पिशवीवर फुल क्रीम लिहिलेलं असेल तर त्यात ६ टक्के फॅट असतं, टोन्ड म्हणजे ३ टक्के आणि डबल टोन्ड म्हणजे दीड टक्का. हा फरक इथे खूप जाणवतो. म्हशीचं सुटं दूध मिळत असेल तर उत्तमच, फक्त ते आधी तापवून घेतलेलं, साय काढलेलं घ्या, नाहीतर पेयात सायीचे तुकडे येतात आणि बऱ्याच जणांना ते आवडत नाही. टोन्डच असेल घरात तर दोन चमचे मिल्क पावडर पेस्टमध्येच कालवून टाका, बराच फरक पडतो.

अंगणवारा

मस्त धागा! शंका: माझं केलेलं पिताना टाळूला मेणासारखा थर बसतो आणि वर तेलाचे बारीक थेंब दिसतात. प्रमाण साधारण हेच होतं, चॉकलेट बेकरीच्या सामानाच्या दुकानातून लादी आणली होती, डार्कच होती. असं का होत असेल?

चांदणवेल

@अंगणवारा, ती लादी नक्की कंपाउंडची असणार. मागचं लेबल वाच, हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट असं काही लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल घट्ट करून घातलेलं असतं. केकवर ओतायला, साच्यात घालायला ते सोयीचं पडतं कारण त्याला टेम्परिंग (ठरावीक उष्णतेला तापवून-निववून घेणं) लागत नाही आणि उन्हाळ्यातही टिकतं, पण प्यायला नाही. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेच्या जरासं खाली, म्हणून ते तोंडात गेलं की विरघळून जातं. कंपाउंडमधलं फॅट बरेचदा त्याहून जास्त उष्णतेला वितळणारं असतं म्हणून टाळूला चिकटतं.

घटकांमध्ये कोको सॉलिड्स किंवा कोको मास, कोको बटर, साखर, लेसिथिन एवढंच दिसायला हवं. चॉकलेट चिप्सही टाळ, बाजारातल्या बऱ्याच चिप्स कंपाउंडच्याच असतात आणि खऱ्या चॉकलेटच्या असल्या तरी त्या ओव्हनमध्ये आकार धरून राहाव्यात म्हणून केलेल्या असतात. अमूलचं ५५ टक्क्यांचं डार्क सगळीकडे मिळतं आणि या कामाला ते चांगलं आहे. ७५ टक्क्यांचंही चालेल, मग साखर वाढव.

खऱ्या चॉकलेटनेही कधी तेल सुटलं तर दोन-तीन चमचे गरम दूध घालून हँड ब्लेंडर अर्धा मिनिट फिरव, परत एकजीव होतं.

माद्रिदकर

सुंदर लिहिलंय पण कॉर्नफ्लोअरच्या मुद्द्यावर मी विरोधात मत नोंदवतो. मी स्पेनमध्ये राहतो आणि इथलं चॉकलेट कपातून पितात म्हणण्यापेक्षा चुरोज (पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या) बुडवून खातात. माद्रिदमध्ये सान हिनेस नावाची १८९४ पासूनची चॉकलातेरिया आहे, तिथे कपात जे येतं त्यात चमचा हळूहळू बुडतो. आणि हा दाटपणा स्टार्चचा असतो, चोरून घातलेला नाही, इथे दुकानात कपासाठीच्या चॉकलेटच्या ज्या वड्या मिळतात त्यांच्यातच तांदळाचं, मक्याचं किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं आणि युरोपच्या नियमात त्याची मर्यादाही लिहिलेली आहे, एका प्रकारात ८ टक्क्यांपर्यंत आणि दुसऱ्यात १८ टक्क्यांपर्यंत. इटलीतली चोकोलाता काल्दा, म्हणजे तिथलं हॉट चॉकलेटसुद्धा कॉर्नफ्लोअरनेच दाट करतात. तेव्हा दोनशे मिली दुधाला एक सपाट चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर घातलं तर ते हलकं काम झालं असं मला अजिबात वाटत नाही.

फक्त ते थंड दुधात कालवून घाला आणि घातल्यावर एक-दोन मिनिटं नीट खदखदू द्या. कच्चं राहिलं तर पिठूळ लागतं, सगळी तक्रार त्यामुळेच असते.

चांदणवेल

@माद्रिदकर, मुद्दा मान्य, बुडवून खायचं असेल तर स्टार्च हवाच, नुसत्या चॉकलेटचं चुरोवर धरून राहणार नाही. पण घोट घोट प्यायचं असेल तर माझी पसंती बिनस्टार्चच्याच पेयाला. स्टार्चने चव जरा दबते, चॉकलेट चांगलं असेल तर त्याचा आंबटसर, फळासारखा जो वास असतो तो मला हवा असतो आणि तो कॉर्नफ्लोअर घातल्यावर लागत नाही. शिवाय बघ, लोक कॉर्नफ्लोअर घालतात आणि मग चॉकलेट निम्मं करतात, तिथे माझा खरा आक्षेप आहे. चॉकलेट तेवढंच ठेवून चमचाभर घातलं तर माझं काही म्हणणं नाही.

माद्रिदकर

चॉकलेट कमी करू नये यावर शंभर टक्के सहमत.

कोकणकडा

माझ्याकडे मिल्क चॉकलेटच आहे, चालेल का?

पावशेर

चालेल पण साखर अजिबात घालू नकोस आणि कोको पावडर दीडपट कर. मिल्क चॉकलेटमध्ये कोको कमी आणि साखर-दूध जास्त. एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी घातलीस तर चव जरा खोल होईल, कॉफीची चव वेगळी लागत नाही.

सुपारीचीबाग

इथे सगळे विकतच्या चॉकलेटपासून सांगताहेत म्हणून मी बीपासून सांगते. माझं आजोळ कर्नाटकात कार्कळजवळ, त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली चित्पावन घरं आहेत, आजोळच्या सुपारीच्या बागेत मधे मधे कोकोची झाडं आहेत. दक्षिण कन्नडमध्ये हे आंतरपीक खूप घरी दिसेल, कॅम्पको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था ओली बी आणि वाळवलेली बी दोन्ही विकत घेते आणि पुत्तूरला त्यांचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. कोकोची फळं थेट खोडावर लागतात, पिवळी किंवा लालसर झाली की तोडायची, आत पांढऱ्या गराने गुंडाळलेल्या बिया असतात, तो गर आंबटगोड आणि इतका छान लागतो की मुलं बिया चोखत बसतात.

बी ताजी असताना तिला चॉकलेटचा काहीही वास नसतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आतून जांभळी, कडू आणि तुरट. आधी ती गरासकट ढीग करून केळीच्या पानांनी झाकून पाच-सहा दिवस आंबवायची, मधून मधून वरखाली करायची, ढीग हाताला चांगला गरम लागतो. गर पाघळून जातो आणि बीच्या आत जे बदल होतात त्यावरच पुढची चव अवलंबून असते, म्हणजे आंबवण्यात घाई केली तर नंतर कितीही छान भाजा ते तुरटच राहणार. मग उन्हात कडक वाळवायची.

घरी थोडंसं करायचं असेल तर वाळलेली बी जाड कढईत मंद आचेवर वीसेक मिनिटं हलवत भाजायची, टरफल फुटायला लागलं आणि घरभर वास सुटला की उतरवायची. गार झाल्यावर हाताने चुरडून सुपात पाखडायची, टरफल उडून जातं आणि आतले तुकडे राहतात. ते मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवायचे. आधी पावडर होते, मग थांबून थांबून फिरवत राहिलं की त्यातलं बटर सुटतं आणि सरसरीत काळपट लगदा होतो. मिक्सर फार गरम होऊ देऊ नका, मधे विश्रांती द्या. या लगद्यात साखर घालून परत फिरवून वड्या थापायच्या, फ्रिजमध्ये राहतात. प्यायच्या वेळी दुधात एक वडी.

हे थोडं रवाळ लागतं, गाळून घेतलं तरी. विकतच्या चॉकलेटसारखं मऊ हवं असेल तर दगडी पाट्याचा टेबलटॉप ग्राइंडर लागतो, इडलीचं पीठ वाटतो तसाच, पण चोवीस तास किंवा जास्त चालवावा लागतो. बीपासून चॉकलेट करणारे अनेक छोटे कारखानदार असेच सुधारून घेतलेले ग्राइंडर वापरतात. मला मात्र रवाळच आवडतं, त्यात फळाची चव राहते.

चांदणवेल

@सुपारीचीबाग, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा आहे, फोटो असतील तर टाक ना, विशेषतः आंबवतानाचे. मूळ लेखात तुझ्या प्रतिसादाची लिंक देते.

दूरदेशी

वरचं रवाळपणाचं वाचून राहवलं नाही. मेक्सिकोत वाहाका शहरात बाजारालगतच्या मीना रस्त्यावर कोको दळून देणाऱ्या गिरण्या आहेत, आपल्याकडे गहू दळून आणतात तसे लोक भाजलेला कोको, साखर, दालचिनी आणि बदाम आपल्याला हव्या त्या प्रमाणात दळून घेतात. सगळा रस्ता चॉकलेटने दरवळत असतो. तिथलं चॉकलेट असंच रवाळ असतं आणि ते दुधात करतात तसंच पाण्यातही करतात. आधी मला वाटलं होतं पाण्यात काय चव येणार, पण कोको सगळा बटरसकट असल्यामुळे पाण्यातलं चॉकलेटही भरघोस लागतं आणि कोकोची चव जास्त स्वच्छ कळते. सोबत अंड्याचा मऊ पाव बुडवून खायला.

तिथे दाटपणापेक्षा फेसाला मान. फेस काढायला लाकडी मोलिनियो असतो, थेट आपली रवीच, दोन तळव्यांमध्ये धरून फिरवायची, फक्त दांड्यावर सुट्या कड्या असतात. आपल्याकडे ताकाची छोटी रवी असेल तर उंच भांड्यात हॉट चॉकलेट घेऊन मिनिटभर घुसळून बघा. वर असा फेस येतो की मार्शमेलो वगैरे काही लागत नाही.

अंगणवारा

रवीची कल्पना फारच आवडली, आज रात्रीच करते! @चांदणवेल लेबल बघितलं, तू म्हणालीस तेच, हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट दुसऱ्या नंबरला आहे. ती लादी आता केकपॉप्सना.

मोगराफुलला

साखरेऐवजी गूळ चालेल का? घरात साखर बंद केली आहे. आणि मसाले कुठले चांगले लागतील?

पावशेर

गूळ चालतो पण उकळत्या दुधात टाकू नका, गुळाच्या चहाचं दूध फाटतं तेच इथे होईल. त्यात साधी कोको पावडर मुळातच थोडी आम्लधर्मी असते त्यामुळे धोका जास्त. सगळं झालं, गॅस बंद केला, जरा निवलं की किसलेला गूळ घालून ढवळायचा, आणि दूध ताजं हवं. कोकोच्या डब्यामागे ॲसिडिटी रेग्युलेटर ५०० किंवा ५०१ असं लिहिलेलं असेल तर ती पावडर अल्कली लावून आम्लपणा कमी केलेली असते, रंगाने गडद आणि चवीला सौम्य, गुळासाठी तीच घ्या. आणि घरात कोणाला शुगर असेल म्हणून बदलत असाल तर गुळाने काही वाचत नाही हेही लक्षात घ्या, तिथे ८५-९० टक्क्यांचं चॉकलेट घेऊन कप छोटा करणं बरं.

चांदणवेल

मसाल्यात दालचिनी सगळ्यात छान, दुधातच तुकडा टाकून तापवायचा आणि चॉकलेट घालण्याआधी काढून टाकायचा. जायफळ किसून अगदी चिमूटभर. सुंठ मला खूप आवडते, घशाला उबदार वाटतं. वेलची मात्र मी घालत नाही, वेलचीचा वास आला की ते मसाला दुधाकडे झुकतं आणि चॉकलेट मागे पडतं. लाल तिखटाची चिमूट काही जण घालतात, तिखटापेक्षा अख्खी सुकी मिरची दुधात दोन मिनिटं ठेवून काढलेली जास्त चांगली, रंगाचा आणि मसाल्याचा वास येत नाही.

मोगराफुलला

वेलचीबद्दल असहमत :) आमच्याकडे कोजागरीला अर्ध्या दुधाचं केशर-वेलची आणि अर्ध्याचं चॉकलेट करतात, यंदा चॉकलेटमध्येही वेलची घातली होती आणि सगळ्यात आधी तेच संपलं. बाकी सुंठ नक्की करून बघते.

उंबरठा

दूध न चालणाऱ्यांसाठी काय? नारळाचं दूध?

दूरदेशी

नारळाचं दूध छान लागतं पण उकळू नका, फुटतं. घट्ट पहिलं दूध अर्धं आणि पाणी अर्धं, नुसतं गरम करून त्यात चॉकलेट. ओटचं दूधही चांगलं, त्यात स्टार्च असतो म्हणून आपोआप दाट होतं, कॉर्नफ्लोअरची गरज नाही. चॉकलेटचं लेबल मात्र बघा, काही डार्क चॉकलेटमध्येही मिल्क सॉलिड्स असतात.

कोकणकडा

मुलांना रात्री झोपताना द्यावं का? आमची दोघं मागेच लागलीत.

पावशेर

डार्क चॉकलेटमध्ये थोडं कॅफिन असतं आणि थिओब्रोमिन (कोकोतलं कॅफिनसारखंच उत्तेजक द्रव्य) बऱ्यापैकी, मी तरी मुलांना संध्याकाळी पाचच्या सुमारास देतो, रात्री नाही. आणि लहान कप, हे पेय पोटभरीचं आहे. घरात कुत्रा असेल तर त्याला चाटायलाही देऊ नका, कुत्र्यांना थिओब्रोमिन विषारी असतं.

अंगणवारा

केलं!!! अमूल ५५ आणि म्हशीचं दूध, सगळं लेखात दिल्याप्रमाणे, मीठसुद्धा. टाळूला काही चिकटलं नाही, तेल नाही, रवीने घुसळल्यावर दोन बोटं फेस आला आणि खालचं इतकं दाट की साबा (सासूबाई) म्हणाल्या हे वाटीत घालून चमच्याने खाऊ. पेस्टची पायरी खरंच महत्त्वाची आहे, एकही गुठळी नाही. मनापासून धन्यवाद चांदणवेल.

आता पुढची शंका, हे ऑफिसला नेता येईल का? तिथे फक्त मायक्रोवेव्ह आहे.

चांदणवेल

किती छान वाटलं वाचून! साबांना पुढच्या वेळी वाटीतच दे, वर थोडी फेटलेली साय घालून.

ऑफिससाठी तयार पेय नेऊ नकोस, गनाश (क्रीम आणि चॉकलेटचं घट्ट मिश्रण) करून ने. २५ टक्के फॅटवालं टेट्रापॅकचं फ्रेश क्रीम २०० मिली बारीक गॅसवर कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम कर, उकळू नको, २०० ग्रॅम बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओत, दोन मिनिटांनी मधून बाहेर ढवळत एकजीव कर, चाळलेली कोको पावडर दोन चमचे आणि मीठ त्यातच घाल. काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं, ओला चमचा घालायचा नाही. ऑफिसमध्ये छोट्या डबीत दोन मोठे चमचे ने, कपभर दूध मायक्रोवेव्हमध्ये कडक गरम करून त्यातलं चतुर्थांश दूध आधी गनाशवर ओतून ढवळ, मग बाकीचं घाल. सगळं एकदम ओतलंस तर गनाशचा गोळा तळाशी राहतो. परत गरम करावं लागलं तर वीस-वीस सेकंद, मधे ढवळून, नाहीतर उतू जाईल.

कोकणकडा

गनाशमध्ये मिल्क चॉकलेट चालेल का?

चांदणवेल

चालेल, पण ते मऊ असतं म्हणून क्रीम कमी, २०० ग्रॅमला १२० मिली पुरे. आणि कोको तीन चमचे.